नवा कर्नल घडवितांना



यंदाच्या नाताळच्या सुट्टीपूर्वीं एका शनिवारीं दुपारीं आपल्या शाळेच्या संगणकाच्या खोलींत दहावीचे चार विद्यार्थी व मी असे पांचजण एका काळ्या पडद्यासमोर बसलों होतों. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या वीसपंचवीस ओळी येऊन थांबल्या होत्या, आणि शेवटच्या ओळींत 'कर्नल पॅनिक' असे दोन शब्द होते. पॅनिक म्हणजे घाबरगुंडी. यंत्र घाबरलें होतें किंवा कसें हें मला सांगतां येत नाहीं. मी मात्र घाबरलों होतों. कारण ह्या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं मुलांनीं टंकून ठेविलेले निबंध त्याच यंत्रांत होते, व त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती.

हा प्रसंग कसा ओढवला व त्यांतून वाट कशी निघाली हें सांगावें, आणि त्या निमित्तानें कर्नल घडवितांना येणाऱ्या अडचणी कशा ओळखाव्या व कशा दूर कराव्या ह्याची थोडी माहिती द्यावी, असा ह्या लेखाचा हेतु आहे. चूक कोणाची, हें आरंभींच सांगून टाकतों. ती विद्यार्थ्यांची नव्हती, माझी होती.

कर्नल म्हणजे काय?

सैन्यांतील कर्नलाशीं ह्या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं. बदामाच्या कवचाच्या आंत जो गर असतो त्यास इंग्रजींत हा शब्द लावितात. त्यावरून संगणकाच्या कार्यप्रणालीच्या अगदीं गाभ्यांतील भागासहि तेंच नांव पडलें. आपण संगणकावर पत्र लिहितों, चित्र काढतों, हिशेब करतों. हीं कामें करणारे प्रोग्राम यंत्राच्या अवयवांस स्वतः हात लावीत नाहींत. स्मृतींतील जागा कोणास किती द्यावी, डिस्कवर कोठें लिहावें, कीबोर्डाची कळ दाबली गेली तर ती कोणास कळवावी, प्रोसेसरचा वेळ कोणाच्या वांट्यास किती यावा, हें सर्व कर्नल ठरवितो. वसतिगृहांत मुलें परस्पर कोठारांत शिरत नाहींत. कोठावळा मोजून देईल तें घेतात. कर्नल हा यंत्राचा कोठावळा होय.

आम्हीं घेतलेला कर्नल लिनक्स नांवाचा. फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणारा लिनस टोरवाल्ड्स नांवाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी इ. स. १९९१ सालीं तो लोकांपुढें घेऊन आला. पहिल्या आवृत्तींत सुमारें १०,००० ओळी होत्या. आज त्या ३ कोटींहून अधिक झाल्या आहेत, व जगांतील हजारों लोकांनीं त्यांत भर घातली आहे. इ. स. १९९२ पासून हा कर्नल अशा परवान्याखालीं दिला जातो कीं, तो कोणीहि वाचावा, बदलावा, व बदललेला दुसऱ्यास द्यावा. मात्र देतांना आपणांस मिळालेला तोच अधिकार पुढच्यासहि द्यावा. तुमच्या वडिलांच्या खिशांत अँड्रॉइडचा फोन असेल तर त्यांतहि हाच कर्नल आहे. जगांतील अतिवेगवान अशा ५०० महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तींतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून ह्याच कर्नलावर चालत आलें आहे.

घडविणें म्हणजे काय?

कर्नलाच्या मूळ ओळी मुख्यत्वेंकरून सी नांवाच्या भाषेंत लिहिलेल्या असतात. त्या मनुष्यास वाचतां येतात. प्रोसेसरास वाचतां येत नाहींत. कंपायलर नांवाचा प्रोग्राम त्यांचें यंत्राच्या अंकभाषेंत रूपांतर करतो, आणि ह्या क्रियेस कंपाइल करणें म्हणतात. बहुतेक लोक हें काम स्वतः करीत नाहींत. लिनक्सच्या डेबियन, फेडोरा इत्यादि वांटपकर्त्या संस्था तयार कर्नल देतात, आणि तो पुष्कळ प्रकारच्या यंत्रांवर चालावा म्हणून त्यांत असंख्य उपकरणांची सोय केलेली असते. आपल्याच यंत्रापुरता बेतलेला कर्नल हवा असेल, एखादें नवें उपकरण चालवावयाचें असेल, अथवा आंत काय आहे हें पाहण्याची जिज्ञासा असेल, तर तो घरीं घडवितां येतो. आमच्या बाबतींत गरज थोडी व जिज्ञासा मोठी होती.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणें असतो. प्रथम 'डॉट-कॉन्फिग' नांवाची फाइल तयार करावयाची. तींत कर्नलाच्या प्रत्येक अंगासंबंधीं एक प्रश्न असतो, आणि असे प्रश्न हजारों असतात. बहुतेकांचीं उत्तरें तीनच : 'हवें', म्हणजे तें अंग कर्नलांतच भरावें, 'नको', आणि 'मॉड्यूल', म्हणजे तें निराळें घडवून डिस्कवर ठेवावें व लागेल तेव्हां उचलावें. त्यानंतर 'मेक' हा हुकूम द्यावयाचा. स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनीं बेल प्रयोगशाळेंत इ. स. १९७६ मध्यें रचलेला हा प्रोग्राम कोणती फाइल कोणतीवर अवलंबून आहे हें पाहून कंपायलरास क्रमानें कामास लावतो. तदनंतर मॉड्यूलें आपल्या जागीं ठेवावयाचीं, कर्नल 'बूट' ह्या विभागांत ठेवावयाचा, आणि यंत्र पुन्हां सुरू करावयाचें. ह्या प्रत्येक पायरीवर घसरण्याची जागा आहे.

पहिली चूक वाचावी

कंपाइल करतांना काम थांबलें कीं नवशिक्याची दृष्टि पडद्याच्या तळाशीं जाते. तेथें 'एरर २' एवढेंच लिहिलेलें असतें, व त्यावरून कांहींच बोध होत नाहीं. तुमच्या बीजगणिताच्या वहींत उत्तर दहाव्या पायरीवर चुकलेलें दिसतें. परंतु चिन्ह तिसऱ्या पायरीवर बदललेलें असतें. येथेंहि तसेंच. शिवाय प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर एकाच वेळीं चार किंवा आठ फाइली घडत असतात. एकीचें काम बिघडलें तरी इतरांचें कांहीं काळ चालूच राहतें, आणि खरी चूक सांगणारी ओळ वर निघून जाते. म्हणून 'मेक' एकेकच फाइल घेऊन पुन्हां चालवावा, अथवा सर्व संदेश एका फाइलींत उतरवून घेऊन तींत 'एरर' हा शब्द प्रथम कोठें येतो तें शोधावें. ती ओळ सांपडली कीं अर्धें काम झालें. उरलेल्या अर्ध्यासाठीं नेहमींचे प्रकार सांगतों.

पहिला प्रकार हत्यार नसण्याचा. सुताराकडे लांकूड आहे पण रंधा नाहीं, अशी ही स्थिति. कर्नल घडविण्यास कंपायलराखेरीज फ्लेक्स, बायसन, बी-सी इत्यादि लहान प्रोग्राम लागतात. ते नसले तर 'फ्लेक्स : नॉट फाउंड' असा स्पष्ट संदेश येतो व उपायहि उघड असतो. ह्याचेंच एक फसवें रूप मात्र लक्षांत ठेवावें. ओपन-एस-एस-एल नांवाची लायब्ररी यंत्रांत असतांहि तिची फाइल सांपडत नाहीं अशी तक्रार येते. ह्याचें कारण असें कीं, लायब्ररी वापरण्याचा संच निराळा, आणि तिच्या आधारें नवें कांहीं घडविण्यास लागणाऱ्या हेडर फाइलींचा संच निराळा. डेबियनमध्यें ह्या दुसऱ्या संचाच्या नांवाच्या शेवटीं 'डेव्ह' व फेडोरामध्यें 'डेव्हेल' असें लिहिलेलें असतें. तो बसविला कीं तक्रार मिटते.

दुसरा प्रकार उसन्या कॉन्फिगचा. हजारों प्रश्नांचीं उत्तरें स्वतः कोण देणार? म्हणून वांटपकर्त्या संस्थेच्या कर्नलाची कॉन्फिग उतरवून घेण्याची चाल आहे, व ती चांगली आहे. परंतु त्या उत्तरांत कांहीं त्या संस्थेच्या घरचीं असतात. डेबियन किंवा उबुंटूची कॉन्फिग घेतली कीं पुष्कळदां 'नो रूल टु मेक टार्गेट' अशी तक्रार येते व पुढें एका प्रमाणपत्राच्या फाइलीचें नांव असतें. तें प्रमाणपत्र त्या संस्थेच्या संचांत असतें. मूळ कर्नलाबरोबर आपणांस तें मिळत नाहीं. 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' ह्या प्रश्नाच्या उत्तरांत तें नांव लिहिलेलें असतें. उत्तराची जागा रिकामी केली कीं काम पुढें चालतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं एकानें ही ओळ स्वतः शोधून काढली, तेव्हां त्याचा आनंद पाहण्यासारखा होता. दुसऱ्याची वही उतरविली म्हणजे तिच्यावरचें नांवहि उतरतें, हें त्यास कोणी निराळें शिकवावें लागलें नाहीं.

तिसरा प्रकार अपुऱ्या जागेचा. कंपायलर चालत असतां मध्येंच 'किल्ड' एवढा एकच शब्द येऊन काम थांबतें. येथें मूळ ओळींत कांहीं चूक नसते. एकाच वेळीं फार फाइली घडवावयास घेतल्यामुळें स्मृति संपते, आणि यंत्र कोलमडूं नये म्हणून चालू असलेला जुना कर्नल कंपायलरासच बंद करतो. नव्या कर्नलाच्या बांधकामावरील गवंड्यास जुन्या कर्नलानें हांकलून द्यावें, असा हा प्रकार! एकावेळच्या फाइलींची संख्या कमी करावी, म्हणजे काम हळू चालतें पण पुरें होतें. डिस्कवरील जागा संपली तर 'नो स्पेस लेफ्ट' असा संदेश येतो. दोष शोधण्याची अधिक माहिती, जिला डीबग इन्फो म्हणतात, ती कॉन्फिगमध्यें चालू ठेविली तर घडविलेल्या फाइली कित्येक गिगाबाइटांनीं फुगतात. नवशिक्यानें ती बंद करावी. ही एक ओळ मीं तेव्हां पाळली असती तर पुढचा प्रसंग टळला असता.

चौथा प्रकार सर्वांत विचित्र व विचार करण्यास सर्वांत योग्य. काम एकदां एका फाइलीवर थांबतें. कांहींहि न बदलतां पुन्हां सुरू केलें तर दुसऱ्याच फाइलीवर थांबतें. तिसऱ्यांदा आणखी तिसऱ्या. मूळ ओळी त्याच, कंपायलर तोच, मग चूक निराळी कशी? सारख्या कारणापासून सारखेंच कार्य झालें पाहिजे. तें होत नसेल तर आपण न पाहिलेलें एखादें कारण बदलत आहे असें समजावें. तें कारण बहुधा खुद्द यंत्र असतें : स्मृतीची सदोष पट्टी, किंवा धुळीनें पंखा अडून तापलेला प्रोसेसर. कर्नल घडवितांना यंत्रावर इतका दीर्घ भार पडतो कीं, एरव्हीं दडून राहिलेला दोष तेव्हां बाहेर येतो. अशा वेळीं मेमटेस्ट नांवाच्या प्रोग्रामानें रात्रभर स्मृति तपासावी, आणि यंत्र उघडून झाडून काढावें.

एक पांचवें कारण काळाच्या अंतराचें. कर्नल जुना व कंपायलर नवा असला तर भांडण होण्याचा संभव असतो. इ. स. २०२५ मध्यें निघालेला जी-सी-सी कंपायलराचा पंधरावा अवतार सी भाषेचे नवे नियम आपण होऊन लागू करतो. त्यामुळें पूर्वीं बिनतक्रार घडणारे कांहीं जुने कर्नल त्याच्या हातीं अडतात. अशा वेळीं कर्नलाची नवी सुधारलेली आवृत्ति घ्यावी, किंवा त्याच्या काळचा कंपायलर वापरावा.

किल्ली कोठारांत राहिली

आतां आमच्या काळ्या पडद्याकडे वळूं. कर्नल घडला होता, एकहि चूक शेष नव्हती, व आम्ही सर्व आनंदांत होतों. यंत्र पुन्हां सुरू केलें आणि तें पॅनिकवर थांबलें. संदेशाचा अर्थ असा होता कीं, मूळ फाइलव्यवस्था ज्या डिस्कवर आहे ती जोडतां येत नाहीं; पुढें 'अननोन ब्लॉक' असें लिहून शून्य, शून्य असे दोन अंक होते. शून्य आले म्हणजे कर्नलास ती डिस्क मुळींच ओळखूं आली नाहीं असें बहुधा समजावें. दुसरे अंक असते तर डिस्क सांपडली पण तिच्यावरील लिपि वाचतां आली नाहीं, असा अर्थ झाला असता.

डिस्क कां सांपडूं नये? डिस्क चालविणारा ड्रायव्हर आम्हीं 'मॉड्यूल' म्हणून घडविला होता. मॉड्यूलें डिस्कवर असतात. डिस्क उघडण्यास ड्रायव्हर पाहिजे, आणि ड्रायव्हर डिस्कच्या आंत! कोठाराची किल्ली कोठारांतच राहावी व बाहेरून दार लागावें, तशी ही अवस्था. ही अडचण जुनीच आहे, व तिच्यावर योजना अशी आहे कीं, आरंभीं लागणारीं मॉड्यूलें एका लहान गांठोड्यांत बांधून कर्नलाच्या शेजारीं ठेवितात. त्यास इनिट-रॅम-एफ-एस म्हणतात. आपण त्यास शिदोरी म्हणूं. ही शिदोरी प्रथम स्मृतींत उतरते व तिच्या आधारें कर्नल कोठारापर्यंत पोहोंचतो.

आमची शिदोरी तयारच झाली नव्हती. आमच्या यंत्रांत बूट विभाग अगदीं लहान आहे. जागा व्हावी म्हणून मीं आरंभींच जुना कर्नल काढून टाकला. यंत्रानें विचारलेंहि : जो कर्नल सध्यां चालू आहे तोच काढीत आहां, थांबावयाचें काय? मीं नाहीं म्हटलें. डीबग इन्फो चालू राहिल्यामुळें नवीं मॉड्यूलें फुगलीं होतीं. त्यांची शिदोरी त्या मोकळ्या केलेल्या जागेंतहि मावली नाहीं, आणि तसा संदेशहि पडद्यावर आला. परंतु घंटा होण्याची वेळ झाली होती. मीं तो वाचला नाहीं, आणि सुरू होण्याच्या यादींत नव्या कर्नलाचें नांव घालणारा पुढचा हुकूम हातानें देऊन टाकला. म्हणजे विद्यार्थ्यांस दोन तास ज्याचा उपदेश केला, तें संदेश वाचण्याचें काम मीं स्वतःच चुकविलें.

"सर, जुना कर्नल कुठें आहे?" एकानें विचारलें.

"मीं काढून टाकला," मीं म्हटलें. ह्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. आपल्या निबंधांचा विचार चौघांच्याहि मनांत आला असावा. माझ्या तर आलाच होता.

वस्तुतः भय अकारण होतें. कर्नल म्हणजे डिस्क नव्हे. किल्ली हरवली म्हणून कोठारांतील धान्य नाहींसें होत नाहीं. एका पेनड्राइव्हवरून चालूं शकणारी डेबियनची प्रत आमच्याजवळ होती. तीवरून यंत्र सुरू केलें, आणि डिस्क जोडतांच सर्व फाइली जशाच्या तशा दिसल्या. पुढें कांहींहि करण्यापूर्वीं निबंधांची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घेतली. मग 'चेंज रूट' ह्या हुकुमानें डिस्कवरील व्यवस्थेंत प्रवेश केला, फसलेला नवा कर्नल काढला, संस्थेचा तयार कर्नल पुन्हां बसविला, व सुरू होण्याची यादी नवी केली. संध्याकाळीं साडेसहा वाजतां यंत्र नेहमींप्रमाणें सुरू झालें.

सुट्टीनंतर आम्हीं तें काम पुन्हां केलें. डीबग इन्फो बंद केली, मॉड्यूलें बसवितांना त्यांतील अनवश्यक भार काढण्यास सांगितलें, आणि बूट विभागांत जुना व नवा असे दोन्ही कर्नल ठेविले. कर्नलाच्या नांवापुढें आपली खूण जोडतां येते. विद्यार्थ्यांनीं शाळेचें आद्याक्षर जोडलें. यंत्र सुरू झाल्यावर 'यू-नेम' ह्या हुकुमानें चालू कर्नलाचें नांव विचारलें, तेव्हां तें आद्याक्षर पडद्यावर उमटलें.

आणखी कांहीं सूचना

कर्नल सुरू झाला तरी लहानसहान दुखणीं उरतात. यंत्रांत सध्यां चालू असलेलींच मॉड्यूलें ठेवून बाकीचीं गाळणारी एक सोयीची युक्ति आहे. परंतु त्या क्षणीं जोडलेलीं नसलेलीं उपकरणें तींत सुटतात. आमचा प्रिंटर असाच मुका झाला होता. म्हणून ती युक्ति वापरण्यापूर्वीं सर्व उपकरणें एकेकदां जोडून चालवावीं. ज्या यंत्रांत सिक्युअर बूट चालू असतें तेथें विश्वासू सही नसलेला कर्नल दारांतच अडविला जातो. त्यावर आपली सही करावी लागते किंवा तो पहारा बंद करावा लागतो. 'मेक मिस्टर-प्रॉपर' ह्या हुकुमानें घडविलेलें सर्व पुसलें जातें व त्याबरोबर डॉट-कॉन्फिगहि जाते. तिची प्रत आधीं बाजूस काढून ठेवावी.

जुनी आवृत्ति चालत होती व नवी चालत नाहीं, आणि मध्यें १,००० बदल झाले आहेत, तर दोषी बदल कसा शोधावा? एकेक तपासूं नये. मधला पांचशेंवा घेऊन कर्नल घडवून पाहावा. तो चालला तर दोष पुढच्या निम्म्यांत, न चालला तर आधींच्या निम्म्यांत. ह्याप्रमाणें प्रत्येक वेळीं निम्मे गाळले तर दहा चाचण्यांत एकच बदल हातीं उरतो. कारण दोनाचा दहावा घात १,०२४ होतो. टोरवाल्ड्स ह्यांनींच इ. स. २००५ मध्यें रचलेल्या गिट ह्या प्रोग्रामांत ही सोय 'बायसेक्ट' ह्या नांवानें केलेली आहे. घातांकांचा उपयोग काय, असें वर्गांत विचारणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

पालकांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, मुलांस असल्या खटपटींत पडूं देणें धोक्याचें आहे. त्यांस माझी विनंति एवढीच कीं, घरचे हिशेब ज्यांत आहेत तें यंत्र मुलांच्या हातीं देऊं नये. एखादें जुनें, अडगळींत पडलेलें मात्र अवश्य द्यावें. तें बंद पडेल, व पुन्हां चालेल. तोंवर त्यांनीं पहिली चूक शोधून वाचण्याची, एका वेळीं एकच गोष्ट बदलण्याची, आणि नवें सिद्ध होईपर्यंत जुनें न टाकण्याची संवय लावून घेतलेली असेल. आणि कामास हात घालण्यापूर्वीं दुसरी प्रत काढावी, हें मला आतां कोणी सांगावें लागत नाहीं.

ह्या अंकाच्या मराठी विभागांतील कांहीं निबंध त्याच डिस्कवरून आले आहेत. कोणते, तें लिहिणाऱ्यांस ठाऊक आहे.